जांभळं टोपण, हिरवं टोपण

ती. काका,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त पाच अंगांनीच स्वीकारावा, उरलेली तीन प्रत्यक्ष भेटीत.) तुमची प्रकृती उत्तम असणार याबद्दल मला शंका नाही, कारण ती उत्तम असल्याचं तुम्ही फोनवर मी विचारायच्या आधीच दोनदा सांगितलंत आणि पुढचं बोलणं टाळायला फोन काकूंच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र. तुम्ही उभं आयुष्य छापखान्यात प्रूफं तपासण्यात घालवलंत. समोर आलेला मजकूर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही, एवढ्या एकाच भरवशावर लिहिते आहे. ऱ्हस्वदीर्घ वाटेल तितके सुधारा.

पहिली दुरुस्ती मीच करते. तुम्ही गल्लीत सगळ्यांना सांगता की पुतणी कॅन्सरवरचं औषध शोधते. मी औषध कधीच शोधलं नाही. मी मिठात राहणाऱ्या जंतूंवर काम करत होते, आणि सुखात होते. मिठागरात पाणी आटत आटत मीठ धरायला लागलं की त्याला एक गुलाबी झाक येते. ती झाक म्हणजे माझे जंतू. जिथे बाकी सगळं मरतं तिथे यांचा संसार बहरतो, आणि गोड्या पाण्यात टाकलं की फुटून मरतात. (अशी माणसं आमच्या संस्थेतही पुष्कळ आहेत, पण त्यांच्या अभ्यासाला अनुदान मिळत नाही.) आता आमच्या शास्त्राची रीत अशी, की एकेकटा रेणू बघायचा नाही, सगळं घर एकदम बघायचं. काकूंनी भांडं आपटलं की तुम्ही वर्तमानपत्र तोंडासमोर धरता, तुम्ही वर्तमानपत्र धरलंत की काकू रेडिओ मोठा करतात, रेडिओ मोठा झाला की शेजारीण खिडकी लावून घेते. शेजारणीची लागलेली खिडकी बघून तुमच्याकडे भांडं आपटल्याचं ओळखायचं, याला प्रणाली-जीवशास्त्र म्हणतात. माझ्या जंतूंच्या घरात कोण आपटतं, कोण ओरडतं आणि कोण खिडकी लावतं, याचा अख्खा नकाशा मी संगणकावर मांडला होता. तो पाहायला कोणी आलं नाही. मीठ स्वस्त असतं ना.

मग एके दिवशी आमच्या थोरल्या सरांनी (हे आमच्या विभागाचे प्रमुख; त्यांना थोरले म्हणतात कारण धाकटे सर त्यांचे मेहुणे आहेत) मला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझी रीत उत्तम आहे. जंतू चुकीचे आहेत." त्यांचं म्हणणं असं, की मिठाला कुत्रं विचारत नाही आणि कॅन्सरला सगळं जग घाबरतं, तेव्हा हाच नकाशा माणसाच्या रक्ताचा काढायचा. तोंडाचा-घशाचा कॅन्सर असलेल्यांच्या रक्तात कुठले रेणू एकदम वर जातात ते शोधायचं, म्हणजे पुढे नुसत्या रक्तावरून रोग ओळखता येईल. अशा रेणूंना बायोमार्कर म्हणतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर रक्तातलं चुकीचं अक्षर. कल्पना वाईट नव्हती, काका. वाईट हे झालं, की त्याच आठवड्यात माझ्या जंतूंची खोली रक्ताच्या नमुन्यांसाठी रिकामी करायचा हुकूम निघाला. मी रजेवर होते. परत आले तर माझ्या बाटल्या उकळून, धुऊन, पालथ्या घालून ठेवलेल्या. कोणी तरी त्यातल्या एका बाटलीत मनीप्लँट लावला होता आणि तो छान वाढत होता. मी त्याला पाणी घातलं. काय करणार?

मग रक्त आलं. रोग्यांचं रक्त मोठ्या इस्पितळातून आलं, निरोग्यांचं आमच्याच इमारतीतल्या कर्मचाऱ्यांचं घेतलं. (निरोगी म्हणजे ज्यांनी त्या दिवशी रजा टाकली नव्हती असे.) मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेने केली आणि माझ्या हाती आकड्यांचा एक तक्ता आला, त्यातले "अनावश्यक रकाने" सरांनी आधीच गाळून टाकलेले. मी नकाशा काढला. काका, असा निकाल मी जन्मात पाहिला नव्हता. रोगी एकीकडे, निरोगी दुसरीकडे, मधे मैदान मोकळं. एकही माणूस चुकीच्या बाजूला नाही. मी सरांना म्हटलं, इतकं स्वच्छ काही खरं नसतं. ते म्हणाले, हा तुझा न्यूनगंड आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला: हातात रक्ताची नळी, आणि नळीकडे अशी नजर, जणू ती त्यांनीच प्रसवली. तो फोटो तुम्ही कापून ठेवलात हे काकूंनी मला सांगितलं. मी फोटोत होते. डावीकडे जो कोपर दिसतो तो माझा.

पुढे शोधनिबंध छापायचा म्हणून मूळ तक्ता, न गाळलेला, माझ्याकडे आला. गाळलेले रकाने होते क्षारांचे. बाकी कोणीही ते उघडले नसते. मी उघडले, कारण मला मिठाची आठवण येत होती. (सासुरवाशिणीने माहेरची गाडी जाताना बघावी, तसं.) आता माझे ते जंतू बाहेरच्या मिठाशी टक्कर देण्यासाठी आपल्या अंगात पोटॅशियम ठासून भरतात, त्यामुळे कुठलाही तक्ता समोर आला की माझी नजर आधी पोटॅशियमकडे जाते. गेली. आणि तिथेच बसली. प्रत्येक रोग्याच्या रक्तात इतकं पोटॅशियम, की एवढं खरोखर कोणाच्या अंगात असतं तर तो कॅन्सरची वाट बघत बसला नसता, आधीच हृदय बंद पडून मोकळा झाला असता. निरोग्यांचं मात्र अगदी शहाण्यासारखं.

मी खाली रक्त काढणाऱ्या बाईंकडे गेले आणि विचारलं, इस्पितळातून नमुने कशातून येतात? त्या म्हणाल्या, जांभळ्या टोपणाच्या नळीतून. आणि आपले? हिरव्या टोपणाच्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच काही तरी घातलेलं असतं, काका. जांभळ्या नळीत पोटॅशियमचाच एक क्षार असतो, हिरव्या नळीत दुसरंच औषध, आणि त्यांच्यामुळे रक्तातल्या बाकीच्या रेणूंचे आकडेही आपापल्या दिशेने सरकतात. मी बाही वर केली. एकच दंड, एकच सुई, एक नळी जांभळी, एक हिरवी. दोन्ही नमुने मोजायला पाठवले, आकडे आले ते माझ्या नकाशात घातले. जांभळ्या नळीतल्या मला कॅन्सर होता. हिरव्या नळीतली मी ठणठणीत. आमच्या जगप्रसिद्ध चाचणीला रोग ओळखता येत नव्हता, टोपणाचा रंग तेवढा अचूक ओळखता येत होता, जो डोळ्यांनाही दिसतो आणि फुकट दिसतो.

सरांच्या खोलीत गेले, सगळं टेबलावर मांडलं. त्यांनी माझे कागद न बघताच पेपरवेटखाली सरकवले. मग म्हणाले, "दोन आकडे जुळले नाहीत म्हणून कोणी बांधलेलं घर पाडतं का?"

"सर, घर नाहीच आहे. टोपणं आहेत."

"घोटाळा नळ्यांचाच आहे ना? मग यापुढे सगळ्यांचं रक्त एकाच नळीत घेऊ. हिरव्या."

"मग सगळेच निरोगी ठरतील."

"त्यात वाईट काय?" ते म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले, काका. हा माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण लोकांचं भलं करतो आहोत.

आणि लोकांचं भलं सुरू झालं. लोक येत, हिरव्या नळीत रक्त देत, "खूण आढळली नाही" असा कागद घेऊन हसत बाहेर पडत. एकाने दारातच मला पेढ्याचा पुडा दिला. मी तो घेतला, आणि ती चव अजून जिभेवर आहे. मी इस्पितळाला कळवलं. चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्षपदी विषयातले सर्वांत जाणकार म्हणून थोरले सर. समितीचा निष्कर्ष असा, की पद्धत निर्दोष असून एका संशोधिकेला नळ्यांविषयी अवाजवी आकर्षण आहे. मी राजीनामा दिला. इस्पितळाने मात्र, नशीब, नमुने पाठवणं गुपचूप थांबवलं आहे. चाचणी बंद पडेल, पण हळूहळू आणि आवाज न करता, म्हणजे कोणाचं नाव खराब व्हायला नको.

आता तुमच्याकडे येते. त्या हिरव्या दिवसांत तुम्ही मला न विचारता सरांना फोन केलात, "मी तिचा काका" म्हणून. सरांनी तुम्हाला मानाने बोलावलं, चहा पाजला, आणि समोर होती त्या हिरव्या नळीत तुमचं रक्त घेतलं. मला हे कळलं ते काकूंकडून, तुम्ही कागद घेऊन घरी गेल्यावर. त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका तुम्ही लाल शाईने दुरुस्त केल्यात आणि मग तो चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलात. काका, त्या कागदात तिसरी चूक आहे. ती शुद्धलेखनाची नाही. मी फोनवर सांगायला गेले तर तुम्ही म्हणालात, "छापलेलं आहे, सहीशिक्क्याचं आहे, आणि तुझ्याच शास्त्राचं आहे. तुझा तुझ्या कामावर विश्वास नाही?"

नाही. असं उत्तर देण्यासाठी मी इतकी वर्षं शिकले, एवढंच म्हणते. बाकी तुम्ही जाणते आहात. तुम्ही काही करावं असा माझा मुळीच आग्रह नाही. मन मोकळं करायला लिहिलं. काकूंना नमस्कार. थोरामोठ्यांचे आशीर्वाद आहेत म्हणून चाललं आहे, असं लिहायची पद्धत आहे. सध्या चाललेलं नाही, पण आशीर्वाद असू द्यावेत.

तुमची,
पुतणी

ता. क. आग्रह आहे. मानेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला हवा असं तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तुम्ही त्यांना भिंतीवरची चौकट दाखवून परत पाठवलंत. ती गाठ कशाची आहे मला ठाऊक नाही. सरांना ठाऊक नाही. त्या कागदाला तर नाहीच नाही. कदाचित काहीच नसेल. तसं निघालं तर मला जन्मभर चिडवा, मी ऐकून घेईन. सोमवारी सकाळची वेळ मी डॉक्टरांकडून घेतली आहे आणि रविवारी मी येते आहे.

ता. क. दुसरा. राजीनामा दिला असं वर लिहिलं आहे. दिला हे खरं, पण मागितला होता म्हणून दिला. सांगायचं एवढ्यासाठी, की मला परतायची घाई नाही. तुम्ही सोमवारी नाही म्हणालात तर मंगळवारी विचारीन, मंगळवारी नाही म्हणालात तर बुधवारी. मला दुसरं काम नाही.

ता. क. तिसरा, आणि हा काकूंसाठी, कारण चष्मा सापडत नाही म्हणून काका हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घेणार. काकू, हा भाग मोठ्याने वाचू नका. तुम्ही परवा म्हणालात, की हल्ली ते घरातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावून, मान झाकून बसतात, उकडत असलं तरी. म्हणजे त्यांचाही त्या कागदावर विश्वास नाही. तेव्हा वाद घालू नका, समजूत काढू नका. सोमवारी सकाळी फक्त त्यांचा बिनकॉलरचा सदरा काढून ठेवा.