मुंगीचा फोटो मी साफ केला नाही

मंगळवार, ११ जून २०२४, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. शटर अर्धं वर केलंय, मागचा निळा पडदा झटकून टांगलाय, दिवे अजून लावले नाहीत.

प्रिय दोस्ता,

फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी गप्प बसतो, हे शाळेपासूनचं आहे. म्हणून सावकाश लिहितोय, आणि झालं की या पानांचा फोटो काढून पाठवतो. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल. मी ठीक आहे. मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे माझ्या चुकाही दिसतात. शाळा उघडतायत, ओळखपत्राच्या फोटोंना गर्दी आहे.

त्या गर्दीतच मागच्या बुधवारी तुझी ताई मुंगीला घेऊन आली. तुझी भाची सात वर्षांची झाली, तरी तू ठेवलेलं नावच सगळ्यांच्या तोंडी आहे. तिला स्टुलावर बसवलं. हनुवटी सरळ करायला आपण दोन बोटं लावतोच, तशी लावायला गेलो, तर म्हणाली, "काका, मी बसते ना सरळ. हात नको." मी म्हटलं, "बरं बाईसाहेब." ताई हसली नाही.

मग कॉम्प्युटरवर बसलो. या धंद्यात हाताला एक खोड लागते. चेहरा उघडला की पुटकुळ्या, डाग, ओरखडे, सगळ्यावरून ब्रश फिरतो, डोकं लागत नाही. गिऱ्हाइकाला डागाबद्दल विचारायचं नाही, पुसून टाकायचा, हे मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय. मुंगीच्या कानाखालचंही मी असंच पुसलं. पुसून झाल्यावर लक्षात आलं, की हा डाग नव्हता. पुसलेलं रद्द केलं, तर ते परत आलं. शेजारी शेजारी चार बोटांचे वळ. ताई मागे उभी होती. म्हणाली, "खाटेवरून पडली रे. जरा नीट कर तेवढं." मी काही विचारलंच नव्हतं. फोटो उद्या देतो म्हणालो.

त्या दिवशी सारखा दाजींचा चेहरा समोर येत होता. मला ताप भरला तेव्हा त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं होतं. मालक म्हणाले, "आपलं काम फोटोचं. लोकांच्या घरात कशाला नाक खुपसतोस?" संध्याकाळी ताईच्या शेजारच्या मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या म्हणाल्या, "भिंतीतून सगळं ऐकू येतं, बाबा. मी टीव्ही मोठा करते. शाळेतल्या बाईंनी कळवलंच असेल." दुसऱ्या दिवशी शाळेतल्या त्या बाई फोटोंचा गठ्ठा न्यायला आल्या. त्यांना वाटत होतं शेजाऱ्यांनी कळवलं असेल. तिला जपणारं कुणीतरी असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि ते कुणीतरी कुणीच नव्हतं.

मुलांच्या मदतीचा नंबर शाळेच्या फाटकावर रंगवलाय. तिथेच उभं राहून फोन लावला. काय बोलायचं ते आधी मनात जुळवून ठेवलं होतं, तरी पहिलंच वाक्य निघालं, "मला खात्री नाही." पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "खात्री आम्ही करू. तुम्ही पाहिलं तेवढं सांगा." पाहिलं तेवढंच सांगितलं, जास्त एक शब्द नाही. बोलता बोलता आवाज स्थिर झाला, आणि त्यानंतर तो हललेला नाही.

शनिवारी बालसंरक्षणाच्या अधिकारी बाई आल्या. न पुसलेला फोटो मी त्यांना दिला. डॉक्टरांना मुंगीच्या पाठीवर जुनेही वळ सापडले. ती आता मुलांच्या निवाऱ्यात आहे, नीट जेवते, असं त्या म्हणाल्या. दाजींना पोलिसांनी नेलंय. माझं नाव त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. ताईला ते मीच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "तुला मी भाऊ मानला होता." दार लावताना तिचं मनगट दिसलं, तिथेही वळ होते. तिच्यासाठीही अधिकारी बाईंशी बोललोय.

आता हे सगळं का लिहिलं ते. अधिकारी बाईंनी मुंगीला विचारलं, तुझं म्हणावं असं कोण आहे? ती म्हणाली, "मामा. तो लांब क्रेन चालवतो, पण बोलावलं की येतो." ती कुणाकडे राहणार, ते शुक्रवारी अकरा वाजता बालकल्याण समितीपुढे ठरणार आहे. दाजींच्या भावाने तिला मागितलंय, आणि तो त्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो. तुझ्या साहेबांना सांग, नाहीतर न सांगता नीघ. राहायला माझी खोली आहे, तुला आणि मुंगीला, दोघांनाही. ताईने माझ्याशी बोलणं सोडलंय. तुलाही सोडायचं असेल तर सोड, पण शुक्रवारी इथे येऊन सोड.

तुझाच,
फोटोवाला