कणगीखाली बांधलेला कोंबडा

मी, बिनवेल चिमतेंगो, धंदा होड्या बांधण्याचा, राहणार चिलोंगो गाव, मांगोची जिल्हा, असे लिहून ठेवतो की पाणी माझ्या छातीत झाले आहे, डोक्यात नाही. मला घरी पाठवताना डॉक्टरांनी नजरेला नजर दिली नाही, त्यावरून काय समजायचे ते मी समजलो. हे मृत्युपत्र मी माझ्या अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. दडपण नाही असे म्हणणार नाही, कारण माझा धाकटा भाऊ केफासी ओसरीवर बसून सारखा खाकरतो आहे. पण त्या खाकरण्याला मी भीक घालत नाही.

कलम १. माझे पत्र्याचे घर, मागची आंब्याची झाडे आणि शेळ्या माझी दिवंगत बहीण लोनेसी हिची मुलगी एनेलेस हिला मिळाव्यात. आमच्यात वारसा बहिणीच्या लेकरांकडेच जातो, तेव्हा कोणी नाक मुरडू नये. परंतु एनेलेस पंधरा वर्षांची आहे. अठरा पूर्ण होईपर्यंत तिला यातले काही विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, आणि तोवर कोणी तिची सही वा अंगठा घेतलाच तर तो रद्द समजावा. हे वाचून दाखवले तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे मामा, लेंड्या मी झाडायच्या आणि शेळी मात्र विकायची नाही?" होय, तसेच. लेंड्या झाडायला वयाची अट नाही.

कलम २. केफासी गावभर सांगत फिरतो की पोर एकोणीसची आहे, तिची उंची बघा. उंची काय, मक्यालाही येते. पंधरा वर्षांपूर्वी पुराने पूल नेला, त्या साली एनेलेस जन्मली. सुईण नामालोम्बा पलीकडच्या काठावर अडकली होती. तिला होडीत घालून कोणी आणले? मी. तिचे वय मला कोणी शिकवू नये.

कलम ३. मामाच्या होकाराशिवाय आमच्याकडे लग्न होत नाही. नवऱ्याकडचा कोंबडा यायचा, आपली कोंबडी जायची, मगच सोयरीक पक्की. मी इस्पितळात पडलेलो असताना मासळीचा व्यापारी जैलोसी याच्या माणसांनी कोंबडा आणला आणि केफासीने तो मुकाट कणगीखाली बांधून घेतला. जैलोसीची थोरली मुलगी एनेलेसच्या वर्गात शिकते! केफासीच्या बुडाखाली नवी मोटारसायकल कुठून आली, हे तर शेंबडे पोरही सांगेल.

मी जिवंत आहे तोवर कोंबडी जाणार नाही. मी डोळे मिटले की थोरला मामा केफासी, आणि माझ्यावर माती पडायच्या आत कोंबडी जैलोसीच्या दारात. अठराच्या आत लग्न नाही हा कायदा गावच्या मुखियाला तोंडपाठ आहे. पण तक्रार आल्याशिवाय तो खुर्चीवरून उठत नाही, आणि तक्रार करणार कोण? तर मामा. म्हणून हा कागद. मला भीती वाटते, ती मरणाची नाही, एवढीच की शाई वाळायच्या आत मी जाईन.

तेव्हा एनेलेसच्या मामाचा मान आणि तिच्या पालकाची जबाबदारी मी माझी मावसबहीण, सुईण नामालोम्बा, हिच्याकडे देतो. एवढे लिहून मोठ्याने वाचले आणि केफासी आत आला.

"बाईमाणूस मामाच्या जागी? दादा, गाव दात काढेल."

"काढू दे."

"आणि मी?"

"तुला मोटारसायकल आहे की."

कलम ४. माझी वाकस, पटाश्या आणि करवती. करवत केफासीने एकदा उसनी नेली आणि परत आणली ती बोळकी करून. तरीही खोटे कशाला बोलू, त्याच्या हातात कसब आहे. त्याने आज सूर्य मावळायच्या आत कोंबडा स्वतः नेऊन जिवंत परत केला, तर सर्व हत्यारे त्याची. नाही केला तर एनेलेसची. माझ्या मयताच्या जेवणात हा कोंबडा कापू नये. मक्याच्या न्सिमाबरोबर त्याचा एक तुकडा जरी कोणी खाल्ला, तरी घराने होकार दिला असे जैलोसी म्हणेल.

कलम ५. अठरा पूर्ण झाल्यावर एनेलेसला लग्न करायचे असो वा नसो, तिचे तिने ठरवावे. जैलोसीच हवा असेल तर कपाळ तिचे, मी कबरीतून उठून येणार नाही. मात्र तोवर तिने शाळा सोडू नये, आणि नामालोम्बाला उलट उत्तरे देऊ नयेत. हक्क मिळाले म्हणजे जीभ मोकाट सुटली असे नव्हे.

इथवर लिहून झाले तोच अंगणात आरडाओरडा झाला. पाहतो तर कणगीखाली नुसती दोरी. एनेलेसने कोंबडा काखेत मारला होता आणि मासळी सुकवणाऱ्या बायांच्या मधून, सगळ्यांदेखत, थेट जैलोसीच्या बर्फाच्या गोदामात नेऊन सोडला होता. परत आली ती धापा टाकत, हातावर नखांचे ओरखडे घेऊन. मागोमाग केफासी, लालबुंद.

"दादा, हे धरलं जाणार नाही! अजाण पोर आहे ती. तिनं परत केलं म्हणून काय परत झालं?"

मला उठवत नव्हते, तरी मी भिंतीला धरून उठलो.

"अजाण आहे?"

"अजाण नाही तर काय! पंधरा वर्षांचं कार्टं!"

साक्षीला बसलेल्या ग्लॅडिसबाई आणि स्टेफानो यांनी त्याच्याकडे वळून पाहिले. मग त्याचे त्यालाच कळले, आणि त्याने मान खाली घातली.

कलम ६. केफासी चिमतेंगो याने आज साक्षीदारांसमोर एनेलेसचे वय स्वतःच्या तोंडाने पंधरा सांगितले आहे. तिचा नकार जर धरायचा नाही, तर तिचा होकार तो कोणत्या तोंडाने धरणार होता, हे त्याने मी असेतो किंवा गेल्यावर कधीही सांगावे. कोंबडा त्याने परत केलेला नाही, सबब हत्यारे एनेलेसची. वाकस धरायलाही वयाची अट नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि साक्षीदारांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: बिनवेल चिमतेंगो

साक्षीदार:
१. ग्लॅडिस नाफुंबो, निवृत्त मुख्याध्यापिका
२. स्टेफानो म्वाले, शेजारी, जाळी विणणारा

केफासी चिमतेंगो: हजर. मजकूर ऐकला. सही करण्यास नकार.
एनेलेस: हजर. सही करण्याचा हट्ट धरला. वय पंधरा, म्हणून घेतलेली नाही.

स्थळ: चिलोंगो
तारीख: १४ जून २०१९