ओळखीचा पेशंट

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तू आणि बाळ दोघंही खुशाल असाल. बाळाचा फोटो मिळाला. भावोजी म्हणतात नाक माझ्यावर गेलंय. बिचाऱ्याचं पुढे कसं व्हायचं कोण जाणे. तुझे टाके दुखायचे थांबले का? बाळ झोपलं की तूही झोपत जा, भांडी पळून जात नाहीत. हा सल्ला अजून डॉक्टर न झालेल्या माणसाचा आहे, तेव्हा फुकट.

परीक्षा झाली. मेडिसिनची प्रॅक्टिकल काल आटोपली. मागच्या खेपेचं तुला माहीतच आहे. पेशंटच्या गुडघ्यावर मारायची हातोडी मी स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतली, आणि परीक्षक म्हणाले, "तुमचा गुडघा नको, त्यांचा बघा." मुलं अजून तो किस्सा सांगतात. या वेळी लाँग केस हृदयाची आली, झडपेची. निदान बरोबर आलं. बाहेरगावचे परीक्षक मान डोलवत होते. निकाल पंधरवड्यात लागेल.

आता दुसरी गोष्ट. घाबरू नकोस, आणि ओल्या बाळंतिणीने उठून निघूही नकोस. बाबा इथे आहेत. आमच्याच हॉस्पिटलात दाखल आहेत. रंगाचं मोठं काम मिळालंय, महिनाभर बाहेरगावी आहे, असं तुला सांगितलं ना? मलाही तेच सांगितलं होतं. तसलं काही काम नव्हतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी छाती तपासून चिठ्ठी दिली आणि हे एकटेच बसमध्ये बसून इथे आले. माझी परीक्षा म्हणून मला कळवलं नाही, तुझं बाळंतपण म्हणून तुला नाही. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. ऑपरेशन करून ती बदलता येते. जेवतात नीट. शेजारच्या पेशंटला भिंतीला ओल का येते ते समजावून सांगतात. मला वॉर्डात दिसले तेव्हा कळलं. मी रोज जातो.

फोन करू नकोस, वॉर्डात मला घेता येत नाही. पत्रच लिही.

तुझा,
छोट्या


२२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. बाबांनी भावोजींना फोन करून सांगितलं म्हणे, की छोट्याने मला तपासलं, प्रोफेसरांना जमणार नाही असा हात आहे त्याचा. आणि तू लिहितेस, "माझ्या भावाने बाबांचा आजार ओळखला, मी इथे सगळ्यांना सांगत सुटले आहे." ते वाचल्यापासून मी हे पत्र मनातल्या मनात लिहितोय. ज्यांना सांगितलंस त्यांना सांगितलंस. तुला मात्र खरं काय ते कळायला हवं. फोनवर बोललो असतो, पण तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणाली असतीस, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं.

बाबा वॉर्डात दिसले असं मी लिहिलं होतं. ते मला परीक्षेत दिसले. माझी लाँग केस म्हणजे बाबाच होते.

ही लाँग केस कशी असते ते सांगतो. सकाळी चिठ्ठी उचलायची, तिच्यावर बेडचा नंबर असतो. वॉर्डातले ज्यांच्या आजारात शिकण्यासारखं काही आहे असे पेशंट निवडलेले असतात. त्यांची नावं झाकलेली, आम्हीही नुसते नंबर. पेशंटजवळ पाऊण तास एकट्याने बसायचं, सगळं विचारायचं, तपासायचं, निदान ठरवायचं. मग परीक्षक येतात आणि आपली सालं काढतात. आमच्या विभागप्रमुख, मोठ्या मॅडम, सुरुवातीलाच बजावतात, की पेशंट ओळखीचा निघाला तर हात वर करा, केस बदलून मिळेल. त्यात कुणाला काही कमीपणा नाही, एवढंही सांगतात.

मी पडदा सरकवला. बाबा पाय खाली सोडून बसले होते. अंगात हॉस्पिटलचा निळा सदरा, आणि नखांच्या कडेला तो पांढरा रंग, रॉकेलनेसुद्धा न जाणारा. ताई, आपल्या बापाला असं बघितल्यावर पोराने काय करायला हवं? मी आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

बाबाच हळू आवाजात म्हणाले, "परीक्षेची मुलं येणार म्हणाले होते. त्यात तू असशील हे काही डोक्यात आलं नाही."

"तुम्ही इथे कसे?"

"ते मग सांगतो. तुझा वेळ चाललाय. बस, विचार काय विचारायचं ते."

बदलून देण्यासाठी ठेवलेली राखीव केस अर्धांगवायूची आहे हे सकाळपासून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे पुन्हा हातोडी. पुन्हा नापास, पुन्हा सहा महिने. हात वर करायला एक क्षण पुरला असता. मी स्टूल ओढलं आणि बसलो.

"काय त्रास होतो?" मी विचारलं.

"दम लागतो. शिडी चढताना."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. छताची कामं सोडली मी. नुसत्या भिंती घेतो."

दोन वर्षं, ताई. उन्हाळ्यात मी घरी आलो होतो तेव्हा माझी ट्रंक त्यांनीच वर नेली. प्रत्येक वळणावर थांबून जिन्याचा गिलावा बघत होते. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला स्वर्गात नेलं तरी तुम्ही आधी भिंत खरवडून बघाल. ते हसले, आणि दम खात उभे राहिले. मी चौथं वर्ष पास झालेला. माझ्या डोळ्यांसमोर.

मग मी पुढचा प्रश्न विचारला, जो विचारायचाच असतो. कधी चक्कर, शुद्ध हरपणं?

बाबा जरा थांबले. मुलाला सांगावं की नाही, असा विचार करत असावेत. मग डॉक्टरला सांगायचं ठरवलं.

"मागच्या वर्षी शिडीवरून पडलो ना, तेव्हा घसरलो नव्हतो. वर गेलो आणि डोळ्यांपुढे अंधार आला. जाग आली ती खाली फरशीवर."

तुला आठवतं, तू त्यांच्या चपलांना दोष दिला होतास आणि त्या उचलून कचऱ्यात टाकल्या होत्यास? ते एक अक्षर बोलले नव्हते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे पत्र आहे. ते ऐकून मला आनंद झाला. दम आणि वर चक्कर, म्हणजे झडप कोणती ते जवळजवळ ठरलंच. आपला बाप उंचावरून बेशुद्ध होऊन खाली पडला होता, आणि मी मनात म्हणालो, सापडलं. मग नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला. पुस्तकात वर्णन केलंय तस्सा आवाज, गळ्यापर्यंत चढत गेलेला. मी खूश होऊन दोनदा ऐकला.

परीक्षक आले. मोठ्या मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, "पेशंट ओळखीचा नाही ना?"

मी स्टेथोस्कोपची नळी सरळ करत बसलो.

बाबा म्हणाले, "छे हो. आजच बघतोय यांना. पण मुलगा मन लावून विचारतो."

उरलेला अर्धा डबा रंगसुद्धा घरमालकाच्या हातात ठेवून येणारा हा माणूस. त्याला मी तोंडावर खोटं बोलायला लावलं, आणि तेही अगदी काही न बोलता.

पुढचं सगळं सुरळीत झालं. मी केस घडाघडा सांगितली. त्यांनी बाबांना सदरा काढायला लावला, वाकायला लावलं, श्वास धरायला लावला. बाबा सांगतील ते करत होते. शेवटी बाहेरच्या परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, की ऑपरेशन केलं नाही तर, दम लागायला लागल्यापासून असा पेशंट साधारण किती जगतो? हा हमखास विचारला जाणारा प्रश्न. उत्तर मला पाठ होतं. मी ताठ मानेने म्हणालो, "टू इयर्स, सर."

ते "व्हेरी गुड" म्हणाले. मला छान वाटलं. मग माझी नजर बाबांकडे गेली. ते सदऱ्याची बटणं लावत होते, आणि एक बटण लागत नव्हतं.

संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी तो विषय काढलाच. "टू इयर्स मला कळलं बरं का. डब्यावर लिहिलेलं असतं, इतकी वर्षं रंग टिकेल म्हणून. माझी तर झालीच की दोन." आणि हसले. "म्हणजे वॉरंटी संपली." मी सरासरी म्हणजे काय ते समजावत बसलो. सरासरी, ताई.

नर्सबाईंसमोर ते मला "डॉक्टर" म्हणायचे. बाई एकदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "परीक्षा झाली की कुठलाच विद्यार्थी त्या पेशंटकडे फिरकत नाही. तुम्ही रोज येता. आईवडिलांनी चांगलं वळण लावलंय." बाबांनी उशीवर मान वळवली. त्यांना अभिमान वाटला की हसू आलं, मला कळलं नाही. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं.

त्यानंतर ऑपरेशनची तारीख मिळाली, गेल्या सोमवारची, १८ची. सर्जन म्हणाले, जवळचं कुणीतरी हजर लागेल, सही करायला आणि बाहेर बसायला. बाबांनी सांगितलं, इथे माझं कुणी नाही. मला एकट्याला गाठून म्हणाले, "निकाल लागू दे. मग तू माझा मुलगा. तोवर काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही हे खोटं आहे हे मला ठाऊक होतं. उत्तर देऊन मार्क मिळवले होते मी त्याचे. तरी सोमवार मी जाऊ दिला. ती तारीख दुसऱ्या पेशंटला दिली. इतकं सगळं लिहिलं ताई, पण हे लिहिताना हात सर्वांत जास्त अडतोय.

मंगळवारी नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, तुमचं ऐकतात ते. घरच्यांचा काही पत्ता काढता येतो का बघा ना. मुलगा आहे म्हणतात, पण अजून तोंड दाखवायला आला नाही. कसली मुलं असतात एकेक."

"मीच तो," मी म्हणालो.

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

तिथून मोठ्या मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही.

"केस बदलून मिळाली असती," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"तपासणी चांगली केली होतीत तुम्ही. ती आता धरता येणार नाही. हे समितीपुढे जाईल. पुढच्या खेपेला बसू देतील की नाही ते समिती ठरवेल. मी बसू द्या म्हणेन." मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी विचारलं तेव्हा तुम्ही गप्प होतात. खोटं कोण बोललं?"

"बाबा."

"ते त्या वेळी तुमचे पेशंट होते."

एवढंच. मी बाहेर आलो.

बाबांना सांगितलं तर ते भडकले. तुला माहीत आहे, ते भडकले की आवाज खाली जातो. म्हणाले, "साठ वर्षांत एक खोटं नीट बोललो होतो, तेही तू वाया घालवलंस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. दीड दिवस बोलले नाहीत. मी सही केली. आता ऑपरेशन सोमवारी, २५ तारखेला सकाळी आहे. बाहेर मी बसणार आहे. सर्जनांचा हात चांगला आहे आणि बाबांचं बाकी शरीर दणकट आहे, हे मी धीर द्यायला लिहीत नाही. यापुढे तुला जे लिहीन ते खरं असेल, वाईट असलं तरी.

रोज मी विचारतो, बाबा, कसं वाटतंय. ते म्हणतात, मस्त. काल दुपारी त्यांची दाढी करून देत होतो. साबण पुसता पुसता विचारलं, "भीती वाटते का?" पुन्हा तेच "मस्त" ऐकायची तयारी ठेवली होती. त्यांनी माझ्या हातातला टॉवेल घेतला, स्वतःच चेहरा पुसला, आणि मग म्हणाले, "वाटते रे."

मी साबणाची वाटी बाजूला ठेवली. तसाच त्यांच्याजवळ बसून राहिलो.

तू आत्ता निघू नकोस, प्रवास झेपणार नाही तुला. रविवारी संध्याकाळी वॉर्डात फोन कर, नर्सबाई त्यांना देतील. आणि मला लगेच माफ करून टाकू नकोस, ताई. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. आधी नीट रागाव, मग काय लिहायचं ते लिही.

बाबांचा,
आणि तुझा,
छोट्या