न मिळालेल्या बक्षिसासह माझ्या सर्व मालमत्तेची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय त्रेसष्ट, धंदा टायर आणि पंक्चरचा, हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचे कारण नाही, पण चार ठिकाणी सह्या घेतल्या. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. अक्षर वेडेवाकडे आहे कारण ते डाव्या हाताचे आहे. तुरुंगात असताना मी एक मृत्युपत्र केले होते. ते रागात केले होते, ते रद्द समजावे.

१. दुकान, कॉम्प्रेसर, दोन्ही जॅक, टायर काढायचे मशीन आणि सगळे पाने माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावेत. ती टेम्पो चालवते आणि चौदाव्या वर्षापासून माझ्यापेक्षा झटपट टायर चढवते. पोरी, कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडत जा. उधारी कोणालाही देऊ नकोस, विशेषतः ओळखीच्यांना.

२. माझा जुना फोन कपाटात कापडात गुंडाळून ठेवला आहे. तोही मुलीकडे राहील. त्यात काय आहे ते नीट लिहून ठेवणे भाग आहे, कारण लोकांनी त्याच्या दहा गोष्टी केल्या आहेत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघे दुपारी दुकानात बसून फोनवर फुटबॉलचा संघ लावत असू. मी, माझा धाकटा भाऊ, शेजारचा वेल्डर आणि समोरचा सलूनवाला. अकरा खेळाडू निवडायचे, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. प्रवेशाचे पैसे चौघांचे, पण खाते याच फोनवर, माझ्या नावाचे, बँक माझी. वेल्डर म्हणायचा, तुझ्या खिशात असले म्हणजे बँकेत असल्यासारखेच. शेवटच्या सामन्यात आम्ही घेतलेल्या राखीव गोलरक्षकाने दोन पेनल्टी अडवल्या आणि लाखो संघांत आमचा पहिला आला. बक्षीस एवढे, की माझ्या आणि वेल्डरच्या दुकानांएवढी आणखी दोन दुकाने विकत घेता आली असती. त्या दिवशी वेल्डरने मला उचलून रस्त्यावर नाचवले.

मग पडताळणी सुरू झाली. कागद मागितले, दिले. पुन्हा तेच मागितले, पुन्हा दिले. मदतीच्या नंबरावर एक बाई गोड आवाजात रोज तेच वाक्य बोलायची. ती बाई नसून मशीन आहे हे मला महिन्याने कळले. शेवटी निरोप आला, की "बक्षीस मिळाले, धन्यवाद" असे म्हणतानाचा व्हिडिओ पाठवा, तो आला की चोवीस तासांत रक्कम जमा होईल. मी पाठवला. स्वच्छ शर्ट घालून, दुकानाच्या पाटीखाली उभा राहून, हसत. बाकी तिघांना सांगितले नाही. लाज वाटली. हे खोटे मी माझ्या तोंडाने बोललो आणि त्याचा दोष माझा आहे.

पैसे आले नाहीत. व्हिडिओची मात्र त्यांनी जाहिरात केली.

ती जाहिरात वेल्डरच्या फोनवर भर दुपारी लागली. तो हातोडा घेऊनच आला. मागून सलूनवाला, आणि मागून माझा भाऊ. वेल्डर एवढेच म्हणाला, "आमचा वाटा कुठे आहे?" मी म्हणालो, आला नाही. त्याने फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यात मी हसत होतो. धाकट्याने बाहेर जाऊन शटर अर्ध्यापर्यंत खाली ओढले आणि धरून ठेवले. सलूनवाल्याने माझे पाय धरले. वेल्डरने माझा उजवा हात जमिनीवर पडलेल्या रिमवर दाबला आणि प्रत्येक घावागणिक एकच प्रश्न विचारला. तीन बोटे गेली. तिसऱ्या बोटाला मी "बँकेत आहेत" असे खोटेच कबूल केले, तेव्हा तो थांबला. खरे बोलत होतो तोवर मारत होता.

ते बक्षीस कधी खरोखर आले तर चार सारखे वाटे करावेत. पोरी, वाट पाहू नकोस. पण आले तर चारच कर.

३. बँकेतली सगळी शिल्लक मी एका पहारेकऱ्याला देत आहे. त्याचा पत्ता माझ्या वकीलबाईंकडे आहे.

प्लास्टर निघाल्यावर मी त्या खेळाच्या कंपनीचा पत्ता शोधत शहरात गेलो. डाव्या हातात टायर काढायची टॉमी होती. सहाव्या मजल्यावर काचेचे दार, आत रिकाम्या खुर्च्या, भिंतीवर विजेत्यांचे फोटो आणि त्यात माझा. मी दार फोडले, टेबले फोडली, माझा फोटो फोडला. एक पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, "काका, थांबा, इथे कोणी नाही." त्याच्या अंगावर कंपनीचे नाव असलेला शर्ट होता. मी टॉमी त्याच्या जबड्यावर घातली. फरशीवर दात पडल्याचा आवाज झाला. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी दात गोळा करू लागला, आणि तरीही मी दुसरा घाव घातला. पहिल्याला मी रागाचे कारण देतो. दुसऱ्याला माझ्याकडे कारण नाही.

कोर्टात त्याने जबड्यातल्या तारांमधून साक्ष दिली. त्याला चार महिने पगार नव्हता. मालक कुठे आहे हे शोधायला तोही रोज तिथेच येत होता. मला चौदा महिने झाले, ते कमीच होते. सुटल्यावर मी त्याला दोनदा पैसे पाठवले, दोनदा परत आले. आता मी मेल्यावर परत कोणाला पाठवणार? त्याने ते घ्यावेत आणि मला खुशाल शिव्या द्याव्यात.

४. वेल्डरला माझी स्कूटर. मी तुरुंगात होतो तेव्हा बातमी फुटली. माझ्यासारखे शेकडो विजेते होते, सगळ्यांचे हसरे व्हिडिओ होते, आणि एकालाही पैसे मिळाले नव्हते. मी सुटून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वेल्डर दुकानात आला. आपला उजवा हात रिमवर ठेवला आणि हातोडा माझ्याकडे सरकवला.

लोक सांगतात की मी त्याला उठवून मिठी मारली. तसे झाले नाही. मी हातोडा उचलला आणि मारला. त्याचे मधले बोट फुटले, रक्त माझ्या तोंडावर उडाले. त्याने हात काढला नाही. पुढच्या बोटासाठी तसाच ठेवला. मी पुन्हा हातोडा वर नेला, पण तेवढ्यात मला उलटी झाली. मग त्याला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेले. त्याने डाव्या हाताने माझा शर्ट घट्ट धरला होता. आता तो मला रोज चहा पाजतो आणि आम्ही फुटबॉलबद्दल बोलत नाही. स्कूटरचा पुढचा ब्रेक लागत नाही, त्याला माहीत आहे.

५. सलूनवाल्याला काही नाही. पाय धरताना त्याने डोळे मिटले होते, म्हणून शिव्याही देत नाही.

६. दुकानावरचे घर. ते मुलीला आणि माझ्या धाकट्या भावाला अर्धे अर्धे द्यावे. त्याने सहा वर्षांचा पगार त्या बांधकामात घातला आहे, माझ्या रागामुळे तो नाहीसा होत नाही. त्याने मला बोट लावले नाही हे खरे. पण पोलिसांनी विचारले तेव्हा "मी बाहेर होतो, काही पाहिलं नाही" असे त्याने लिहून दिले. तेव्हापासून तो मागच्या खोलीत राहतो, मी पुढच्या. नळ एक आहे, चुली दोन. मुलगी दोघांचे निरोप नेते-आणते.

वरचे एवढे लिहून झाले होते. साक्षीदार म्हणून मी औषधदुकानदाराला आणि एका निवृत्त पोस्टमनला आज सकाळी बोलावले होते. औषधदुकानदार आला. पोस्टमनच्या आधी धाकटा आत आला आणि दाराशी उभा राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"दादा, मला साक्षीदार कर."

मी म्हणालो, साक्षीदाराला या कागदातून काहीही मिळत नाही, तुझे अर्धे घर जाईल.

"माहीत आहे. वकीलबाईंना विचारून आलो. पोरीला जाऊ दे."

मग त्याला बसायला खुर्ची दिली. पोस्टमन आला, त्याला चहा देऊन परत पाठवले.

म्हणून कलम सहामध्ये दुरुस्ती: संपूर्ण घर मुलीला द्यावे.

हा कागद मी स्वतः वाचला, मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
तारीख: ऑपरेशनच्या आधीचा मंगळवार
सही: (डाव्या हाताची)

साक्षीदार पहिला, औषधदुकानदार: मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली.

साक्षीदार दुसरा, मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ: दादाने माझ्यासमोर सही केली, ती मी पाहिली. दुकानात त्या दुपारी जे झाले तेही मी पाहिले. शटर मी धरले होते.