सागवानी चौकट आणि सासूबाईंचा मुक्काम

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मु. पो. सिरसाळा

वडील साडू श्री. विश्वेश्वरअप्पा यांस मल्लिनाथचा नमस्कार, शरणार्थ.

तुमी, शिवांजलीताई आन् लेकरं दिंद्रुडात खुशाल असालच. (तुमचं काय, तुमी कायम खुशालच असता.) ताईंची कंबर आता कशी हाय? आमी आपले बरे हावोत. फोन सोडून पत्र कावून, असं वाटलं आसंल. तर फोनवर माझं रडगाणं सुरू झालं की नेमकं तुमच्या दुकानात गिऱ्हाईक येतं. पत्राला ती भीती न्हाई.

स्पष्टच लिहितो. मला तुमच्या दाराचा हेवा वाटतो. तुमची वास्तुशांत झाल्यापासून आमच्या रुद्राणीच्या तोंडी दुसरा विषय न्हाई. शिवांजली अक्काच्या चौकटीला एक खिळा दिसत न्हाई, अक्काच्या दाराचा आवाज होत न्हाई. भाकरी वाढता वाढता चौकट, झोपता झोपता चौकट. बरं, तेबी सोसलं आसतं. पण सासूबाई तुमच्याकडं चांगल्या महिनाभर राहिल्या! आमच्याकडं येतात तवा चहा पिऊन एसटीची येळ विचारतात. मीबी जावईच हाय ना, अप्पा? का रस्त्यावर घावलोय? माहेरचं माणूस एक रात्र घरात झोपावं म्हणून रुद्राणी किती झुरती, ते मला दिसतंय.

म्हणून आमच्या दुकानाच्या मागं सासूबाईसाठी खोली काढली. चौकट मात्र तुमच्यापेक्षा जाड पाहिजे, अस्सल सागवानाची, हा माझा हट्ट. तसलं लाकूड लवकर मिळंना. आश्रुबा गवंडी म्हणला, मालक, चौकट आधी उभी करा, तिच्या लोखंडी पट्ट्या विटात दाबीत भिंत वर घेतो. मी म्हणलं, तू भिंत घे, जागा सोड, चौकट मागून बघू. (पोटात जळायला लागलं की माणूस गवंड्यालाबी शिकवायला जातो.) झालं! भिंत उभी राहिली, मग चौकट आली, आन् तिला विटाला धरायचं कशानं ह्या सवालानं माझी झोप उडाली.

आधी मोठाले खिळे आणले. ठोकायला गेलो तर विटंचा कोपराच हातात आला. आश्रुबा म्हणला भट्टी कच्ची, भट्टीवाला म्हणला हात कच्चा. मग भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गुट्ट्या आन् स्क्रू आणले. स्क्रू त्या जाड लाकडातच संपले, भिंतीतल्या गुट्टीपर्यंत पोचलेच न्हाईत. मग परळीहून फुगणारे बोल्ट आणले. नट आवळला की बोल्ट भोकात फुगतो आन् विटंला धरून बसतो, असं दुकानदारानं सांगितलं. मी तुमचं तोंड डोळ्यापुढं आणून जरा जास्तीच आवळला. वीट उभी चिरली.

आता तुमाला विचारायचं तर कमीपणा. म्हणून मागं तुमच्या धाकट्याच्या बारशाला आलतो, तवा जुन्या स्पीकरातलं चुंबक खिशात घालून आणलं. सगळे जेवायला बसल्यावर तुमच्या चौकटीवरून ते हळूहळू वरून खाली फिरवीत होतो, लोखंड कुठं कुठं हाय ते बघायला. दोन-चार जागी ते चिकटलं, म्हणजे आत बोल्ट हायेत एवढं कळलं, तेवढ्यात मागून सासूबाई! त्यांना वाटलं जावई दाराची नजर काढतेत. लई खूश झाल्या. असं कोरडं काय काढता म्हणून आतून मीठ-मिरच्या आणून माझ्या मुठीत दिल्या. अप्पा, तुमच्या दाराला लागली आसंल तर माझीच नजर लागली होती, आन् ती मलाच उतरवावी लागली. वर चुलीत टाकल्यावर मिरच्यांचा ठसका लागला न्हाई म्हणून सासूबाई म्हणल्या, नजर लई मोठी होती बरं का.

येत्या सोमवारी चौकटीची पूजा धरलीय. सासूबाई हळदी-कुंकू लावणार, आपल्या हातानं तोरण बांधणार. चौकट हलली तर त्या चहा पिऊन निघतील, आन् रुद्राणी महिनाभर माझ्याशी बोलायची न्हाई. पण तुमी काळजी करू नका. आमचं आमी बघून घेऊ. तुमच्या मदतीची अजिबात गरज न्हाई.

ताईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. लोभ हायच, त्यातला सासूबाईंचा थोडा इकडंबी वळवावा.

तुमचा साडू,
मल्लिनाथ

ता. क. तुमी वापरले ते लांब बोल्ट, ड्रिल मशीन, आन् शक्यतो तुमी सोता, ही तिन्ही रविवारच्या आत सिरसाळ्यात यावीत. रुद्राणीला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत सासूबाई आल्या की हो! पूजेच्या तयारीला म्हणून आधीच आल्या. खोलीच्या दारात आल्या आल्या नुसत्या टेकवून ठेवलेल्या चौकटीला हात टेकला, आन् ती सगळी माझ्या अंगावर. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. म्हणल्या, विश्वेश्वरची तर दोनदा पडलती! दाराला कुलूप लागंना, म्हणून तर महिनाभर राखण बसले मी तिथं.

दोनदा, अप्पा! आन् आमाला एका शब्दानं बोलला न्हाईत!

ता. क. तिसरा. बोल्ट घेऊन यायची घाई करू नका. दुकानाचा माल मागच्या खोलीतच हाय, दार उघडं हाय, आन् सासूबाईंनी राखणीला म्हणून आत गादी टाकायला सांगितलीय.