छायाचित्रातील व्यक्ती निरोगी आहे

४ फेब्रुवारी

मॅडमनी आज मोठी जबाबदारी दिली. मानसिक आजाराबद्दल लोकांना जी लाज वाटते, ती घालवायची. पोस्टरं, भाषणं, सगळं आलं. आरोग्य खात्यात जनजागृतीचं काम मी इतकी वर्षं करतोय, पण हात धुवा आणि डास मारा यापलीकडे मला कुणी जाऊ दिलं नव्हतं. माणसाच्या मनाला हात घालायला तसाच माणूस लागतो, हे उशिरा का होईना, वरच्यांना कळलं.

संकल्प : तीन महिन्यांत ‘वेडा’ हा शब्द या शहरातून हद्दपार. सुरुवात ऑफिसपासून. दुपारी फळ्यावर तसं मोठ्या अक्षरात लिहिलं. ड्रायव्हरने विचारलं, चुकून तोंडातून गेला तर? म्हटलं, वेडा आहेस का, चुकून कसा जाईल? कॅशियर हसला. तो कशालाही हसतो.

ता. क. चहात आज पुन्हा साखर नव्हती. ही म्हणते, झोप लागत नाही. म्हटलं, दुपारी झोपू नकोस. इतका साधा उपाय लोकांना सुचत कसा नाही?

७ फेब्रुवारी

पोस्टरसाठी चेहरा मिळेना. खरा माणूस हवा, बरा झालेला, अशी मॅडमची अट. आमच्याच खात्याचं समुपदेशन केंद्र आहे, तिथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बरे झालेले पुष्कळ आहेत, पण फोटोचं नाव काढलं की सगळे रस्ता बदलतात. एक रिटायर्ड शिक्षिका तयार झाल्या होत्या. संध्याकाळी त्यांचे जावई येऊन नकार कळवून गेले.

मीटिंगमध्ये मी फार तळमळीने बोललो. म्हटलं, एवढं शिकून काय उपयोग, एकाही माणसात साधा चेहरा दाखवायची हिंमत नाही? लाज वाटते मला या समाजाची. मग कॅशियर म्हणाला, मग सर, तुमचाच लावू या की. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, आनंदाने. दुसरं काय म्हणणार होतो?

१० फेब्रुवारी

फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, जरा दुःखी दिसा. मला जमेना. मुळात स्वभाव आनंदी. शेवटी तो म्हणाला, तुमच्यानंतर लागलेल्या ज्युनिअरला तुमच्याआधी प्रमोशन मिळालं, असं समजा. पहिल्याच क्लिकला फोटो ओके.

खिडकीपाशी उभा आहे, नजर दूरवर. खाली मजकूर : ‘मला मदत हवी होती. मी मागितली. यात लाज कसली?’ मजकूर माझाच. वाचून स्वतःच्याच अंगावर काटा आला.

हिला दाखवायला मोबाइल पुढे केला. ही गॅससमोर उभी होती, गॅस बंद. म्हणाली, नंतर बघते. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

१५ फेब्रुवारी

पोस्टरं लागली. बसस्टॉप, वाचनालय, पोस्ट, केंद्र, सगळीकडे मी.

हिने बसस्टॉपवर पाहिलं म्हणे. बघत उभी राहिली आणि बस निघून गेली. घरी आल्यावर मात्र बोलत सुटली. गेल्या दोन महिन्यांत एवढं बोलली नसेल. तुम्ही खरंच गेला होतात का? मला का नाही सांगितलंत? आत गेल्यावर काय विचारतात? सुरुवात कशी करायची? बोलताना माझा हात धरला होता. डोळे भरले होते.

मला हसूच आलं. म्हटलं, अगं, मी कशाला जाऊ? मी काय वेडा आहे?

(शब्दबंदी फक्त ऑफिसपुरती आहे.)

ही म्हणाली, खरंच की. मग वाळत घातलेले कपडे आणायला गेली. ते अजून ओलेच होते.

एकंदरीत पहिल्याच दिवशी पोस्टरचा इम्पॅक्ट जबरदस्त. घरच्या माणसालाही खरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

जरा विचित्र चाललंय.

केस कापणारा आज क्रिकेटबद्दल चकार शब्द बोलला नाही. कात्री मात्र कानापासून फार लांबून चालवत होता. लिफ्टपाशी खालच्या मजल्यावरच्या बाई मला बघून म्हणाल्या, आम्ही जिन्यानेच जातो, व्यायाम होतो. कॅशियरने माझं बिल पहिल्यांदाच न भांडता पास केलं आणि वर म्हणाला, सर, सगळं ठीक होईल. त्याने हसायला हवं होतं. तो हसला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

ताईचा फोन. रडत होती. आपल्या घराण्यात असं कधी कुणाला नव्हतं रे, तुझ्या सासरकडून तर आलं नाही ना? म्हटलं, ताई, ती जाहिरात आहे. ती म्हणाली, मग लोकांना तसं सांग ना. फोनवर ताई नेहमी मोठ्याने बोलते. ही शेजारीच भाजी निवडत होती.

२१ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

उपसंचालकाची जागा ज्युनिअरला गेली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, तुम्हाला ताण नको. म्हटलं, मॅडम, पोस्टर मीच लिहिलंय, तुम्हाला ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, हो हो, पण इतकं खरं उगीच कुणी लिहीत नाही.

फोटोग्राफरच्या जिभेवर काळा तीळ असावा.

विचार केला. उपाय सापडला. पट्टी. पोस्टरच्या खाली एक छोटी चिकटपट्टी : ‘छायाचित्रातील व्यक्ती निरोगी आहे.’ कॅम्पेनला धक्का नाही, माझ्या नावालाही नाही. मॅडमना विचारलं नाही. वस्तुस्थिती सांगायला परवानगी कसली?

२४ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर पट्ट्या लावल्या. हिलाही बरोबर नेलं, तेवढीच मोकळी हवा. ही अलीकडे दोन दोन दिवस केससुद्धा विंचरत नाही. माणसाला काही उद्योग हवा.

काम मात्र सुरेख केलं हिने. एक पट्टी तिरकी नाही. बसस्टॉपवर लावताना थांबली. विचारलं, जी व्यक्ती निरोगी नसेल, तिचा फोटो नाही का लावायचा? म्हटलं, तिने कशाला लावावा? तिला तोंड लपवायला जागा पुरत नसेल. ही पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली, कोपरा उठू नये म्हणून.

शेवटचं पोस्टर केंद्रातलं. केंद्र रविवारीही चालू असतं. मी फाटकाबाहेरच थांबलो. आत शिरताना कुणी पाहिलं असतं तर सगळ्या पट्ट्या पाण्यात. हीच आत गेली. एक पट्टी लावायला किती वेळ लावावा! बाहेर आल्यावर विचारलं, लावली? हो म्हणाली.

१ मार्च

लेकीचा फोन. ती परगावी नोकरीला आहे. म्हणाली, बाबा, आईचा आवाज मला ठीक वाटत नाही, तिला कुणालातरी दाखवा. म्हटलं, जरा थकली आहे. लेक म्हणाली, कॅम्पेन तुम्हीच चालवता ना? म्हटलं, अगं, ते लोकांसाठी आहे.

तिने फोन ठेवला. आजकालच्या मुलांना ऐकून घेण्याचा संयम नाही. या विषयावर एक वेगळं पोस्टर करता येईल.

ही मात्र सुधारतेय. दुपारची वाचनालयात जायला लागली आहे. सांगत होतो ना, उद्योग हवा.

५ मार्च

केंद्रात गेलो होतो, रिपोर्टसाठी आकडे हवे होते. मागच्या दाराने गेलो. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या. म्हणाल्या, पोस्टर लागल्यापासून येणारे वाढले, तुमचे उपकार आहेत. मी म्हटलं, छे छे, कर्तव्य.

निघताना बाहेरच्या बाकावर ही बसलेली दिसली.

मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तिने मला पाहिलं. मी तिला पाहिलं. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलतच होत्या. हिने मान खाली घातली आणि चपलेचा बंद नीट करायला लागली. तिच्या चपलांना बंद नाहीत.

मी मागच्या दाराने निघून आलो.

संध्याकाळी हिने चहा दिला. साखर होती. म्हणाली, घाबरू नका, तिथे मी नाव माहेरचं सांगितलंय. पत्तासुद्धा तिकडचाच.

पहिल्यांदा हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू, अगदी हायसं वाटलं. मग तिने ताट वाढलं. ते तसंच बाजूला सरकवलं. विचारलं, कधीपासून त्रास होतोय? म्हणाली, लेक नोकरीला गेली तेव्हापासून. म्हटलं, सांगायचं नाही का? ती म्हणाली, सांगणार होते, पोस्टर पाहिलं त्या दिवशी.

६ मार्च

ऑफिसला गेलो नाही. फोनवर सांगितलं, ताप आहे. कॅशियर म्हणाला, समजलं सर, समजलं.

११ मार्च

संकल्प. हा शेवटचा आणि खरा.

उद्या हिच्याबरोबर केंद्रात जायचं. पुढच्या दाराने. नाव नोंदवायच्या खिडकीवर सगळ्यांसमोर सांगायचं, ही माझी बायको, मागे लिहिलेलं नाव खोडा आणि माझं आडनाव लावा. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज छान खणखणीत येतो. भाषणांचा सराव असा उपयोगी पडतो. हिला सांगितलं. म्हणाली, कशाला उगीच. पण संध्याकाळी केस विंचरले.

१२ मार्च

ठरल्याप्रमाणे गेलो. पुढच्या दारानेच. स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावली, केंद्रासमोर सावली नसते म्हणून.

खिडकीवरच्या बाईंनी मला पाहिल्याबरोबर ओळखलं. अगदी उठून उभ्या राहिल्या. या या साहेब, म्हणाल्या. मग माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि विचारलं, पेशंट कोण?

वाक्य तोंडपाठ होतं. मागे रांगेत माणसं होती. मी म्हटलं, मी पोस्टर तपासायला आलोय, नीट लागलंय ना?

मग खिडकीशी वाकून हिने स्वतःच नाव सांगितलं. माहेरचं. हाक आल्यावर आत गेली. जाताना पर्स माझ्या हातात देऊन गेली, जरा धरा म्हणाली. कुणा अनोळखी माणसाला सांगावं तितक्या अदबीने.

मी बाकावर बसलो. समोर माझंच पोस्टर. खिडकीपाशी उभा, नजर दूरवर. खाली पट्टी नव्हती. त्या दिवशी तिने लावलीच नव्हती.

शेजारी एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट. बराच वेळ एकदा पोस्टरकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. मी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलो. शेवटी ते जरा जवळ सरकले. म्हणाले, तुम्हाला बघूनच यायचा धीर झाला. मग आवाज आणखी खाली आणून विचारलं, गुण आला का हो तुम्हाला?

म्हटलं, अजून नाही.