जर्मनचं भांडं

५ जानेवारी २००३, रविवार
आजपासून डायरी. रेणूने विचारलं, कायले लिहून राहिले? बायकोला कारण सांगितलं की डायरीची किराण्याची यादी होते.

निर्णय पक्का. यापुढे मी दुर्मिळ वस्तूंचा कलेक्टर. पोस्टाची तिकिटं करून झाली (वाळवी). जुनी नाणी करून झाली (रेणूने दहीवाल्याला दिली). आता दुसऱ्या महायुद्धातली, चांदीची, जेवणाच्या टेबलावरची भांडी. सायबर कॅफेत वाचलं की मिलिटरी ऑफिसरांच्या मेसमधल्या एका ताटासाठी लंडनच्या लिलावात लोक एकमेकांच्या अंगावर पडले. फोटो पूर्ण उतरायच्या आत लाइट गेली.

आणि आमच्या भंडाऱ्यात? जिकडे पाहावं तिकडे पितळ. वीट आला. नव्याण्णव साली गोंदिया वेगळं झालं तेव्हा ऑफिसातली बरी कपाटं तिकडे गेली, बरी माणसंही तिकडे गेली. इथे उरलो मी आणि एक डुगडुगणारं टेबल. शी.

८ जानेवारी
व्हिजिटिंग कार्डं आली. 'बी. एन. हेडाऊ, कलेक्टर, भंडारा.' प्रेसवाल्याने उभं राहून दिली, वर चहा पाजला. चहात माशी होती. काढून प्यायलो.

रेणू म्हणे, लोकांचा गैरसमज होईल, 'संग्राहक' लिहा. भंडाऱ्यात संग्राहक म्हटलं तर लोक भंगार आणून देतील.

१२ जानेवारी, रविवार
आंधळगाव. एस.टी.त शेजारच्याने शेंगांची टरफलं माझ्या बुटावर टाकली. सॉरी नाही, काही नाही. उतरल्यावर पानठेलेवाल्याला कार्ड दिलं आणि विचारलं, गावात जुनं, परदेशी भांडं कोणाकडे आहे? त्याने कार्ड मोठ्याने वाचलं. लगेच खुर्ची आली, पाणी आलं, दोघं-तिघं अर्ज घेऊन आले. अर्ज परत केले. खेड्यात अजून संशोधकाला मान आहे.

पार्वताबाई नावाच्या विधवेकडे नेलं. तिचा नवरा भैय्यालाल सरकारी दवाखान्यात कामाला होता. (मिलिटरीच्याच असणार. खोदून विचारलं नाही.) 'कलेक्टर आले' ऐकून बाई पांढरीफटक पडली. न मागता आतल्या खोलीतून भांडं आणलं, घाईघाईने धुतलं आणि माझ्या पायाशी ठेवलं. म्हणे, चुकी झाली जी साहेब, तिकडे फेकून देऊन राहिले होते म्हणून आमच्या घरच्यानं आनलं, घेऊन जा. घरात असा ठेवा आणि बाई माफी मागते! केवढं हे अज्ञान.

वर्णन, पुढे उपयोगी पडेल म्हणून: लंबगोल. एका टोकाला उतरतं. कडा आत वळलेली, म्हणजे जहाज कितीही हेलकावलं तरी रस्सा सांडू नये. दांडा पोकळ, म्हणजे रस्सा त्यातून ओतायचा. तळाला इंग्रजीत कोरलेलं: डब्ल्यू. डब्ल्यू. २. वर्ल्ड वॉर टू!

विचारलं, लढाईच्या वेळचं का? हो जी. बाहेरदेशातलं? हो जी. चांदीचं? हो जी साहेब, तुमी म्हनान तसं. मग मी मुद्दाम गप्प राहिलो, कारण साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालू नयेत. तेव्हा ती आपणहून म्हणाली, जर्मनचं हाये जी.

जर्मनचं!

निघताना बाई म्हणे, याच्या बदली दुसरं कायी भेटंल का जी, सासू अंथरुनावर हाये, तिची गैरसोय होते. आत चंद्रभागाबाई नावाची म्हातारी पडून होती. इतकी वर्षं त्यात जेवली असेल, लळा लागणारच. शब्द दिला: मोठं, पसरट, मजबूत पाठवतो.

१५ जानेवारी
रेणू संक्रांतीला भावाकडे तुमसरला गेली आहे. घरात मोठं आणि पसरट एकच, माळ्यावरची पितळी परात. काठावर सासूबाईंचं नाव: दुर्गाबाई. लग्नात त्यांनी ह्याच परातीत माझे पाय धुतले आणि मग तीच रेणूला आंदणात दिली. जावयाचे पाय धुतलेली परात, आणि रेणू सणासुदीला तिच्यात कणीक मळते! पंचवीस वर्षं ही किळस गिळतो आहे. पितळेला भंडाऱ्यात कुत्रं विचारत नाही. आंधळगावच्या कंडक्टरला कार्ड दाखवून परात सोपवली. त्याने ती मांडीवर घेतली आणि तिकिटं उभ्या प्रवाशांकडून फाडून घेतली.

१८ जानेवारी
सराफाकडे. त्याने कसोटी काढलीच नाही. म्हटलं, जर्मनचं आहे. म्हणे, ते दिसूनच राहिलं, मंग माह्याकडे काहून आनलं? चांदी इतकी हलकी असते का, असंही विचारलं. विमानातून न्यायची तर हलकीच लागणार, एवढं साधं कळत नाही. भांडं कागदात धरून परत दिलं आणि साबणाने हात धुतले. मत्सर माणसाला किती खाली नेतो.

२४ जानेवारी
रेणू परत. शोकेसमध्ये भांडं पाहून पहिलं वाक्य: हे जर्मनचं इथं कायले ठेवलं? चकित झालो. हिने कसं ओळखलं? मग म्हणे, आपल्याकडे ॲल्युमिनियमलेच जर्मन म्हनतात, आपलं दुधाचं पातेलं नाही का तसलं.

हे मला माहीत नाही? पातेलं हे बोलीतलं जर्मन, हे भूगोलातलं जर्मन. फरक समजावून सांगितला. ती कांदे चिरत राहिली.

२६ जानेवारी
शेजारचे प्रोफेसर धर्मेंद्र मेश्राम (इतिहास) यांना जेवायला बोलावलं. पाटवडी-रस्सा. भांड्याचं उद्घाटन. रेणूने त्यात रस्सा काढायला साफ नकार दिला, म्हणे याचा आकारच बरा नाही दिसत. मीच ओतला. पोकळ दांड्यातून धार फार सुरेख पडते. प्रोफेसरांनी पुन्हा मागून घेतला.

नंतर शंका काढली. लढाई चालू असताना भांड्यावर 'दुसरं महायुद्ध' असं कोण कशाला कोरेल? म्हटलं, जर्मन शिस्त. आणि ही माणसं पोरांना शिकवतात! तळाचा रस्सा मी भांड्यालाच तोंड लावून संपवला.

२ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
घरी हळदीकुंकू. रेणू माळ्यावर परात शोधत होती. सांगितलं, अदलाबदल केली, आंधळगावच्या एका विधवेच्या सासूला दिली. भांडली असती तर बरं झालं असतं. साडी बदलली आणि आंधळगावची बस धरली.

संध्याकाळ
रिकाम्या हातांनी आली. म्हणाली ते लिहून ठेवतो. पुन्हा वाचणार नाही.

भैय्यालाल बायकांच्या वॉर्डात कामाला होता. वुमन्स वॉर्ड, नंबर दोन. भांडं अंथरुणातल्या पेशंटच्या खाली सरकवायचं. कडा आत का वळलेली आणि दांडा पोकळ कशासाठी, तेही सांगितलं. मी नको नको म्हणत असताना सांगितलं. आणि दवाखान्यातून ते आल्यापासून चंद्रभागाबाई तेच वापरत होत्या.

दात घासले. पुन्हा घासले. कडुनिंबाची काडीसुद्धा चावली. प्रोफेसरांना कळवायचं नाही. ज्ञानाला कुठे तरी मर्यादा पाहिजे.

मग एकदम आठवलं: बदली भांडं. परात. रेणूला विचारलं, मग आमच्या परातीत म्हातारी...? रेणू म्हणाली, मंग तुमाले काय वाटलं, कनीक मळून राहिली?

९ फेब्रुवारी, रविवार
भांडं पिशवीत घालून आंधळगाव. बेत: ते द्यायचं, परात घ्यायची, चिंच आणि राखेने स्वतःच्या हाताने घासायची, उकळत्या पाण्याने धुवायची आणि रेणूपुढे ठेवायची. मी तो कलेक्टर नव्हे, हेही सांगून टाकायचं. वाक्य बसमध्ये पाठ केलं.

खुर्ची आली. पाणी आलं. परात खाटेखाली होती आणि सासूबाईंचं नाव नेमकं माझ्याकडे वळलेलं होतं. चंद्रभागाबाईंनी पडल्या पडल्या हात जोडले. म्हणे, लय सुख झालं जी साहेब, थे जर्मनचं पाठीले टोचे, सरकारनं माह्यासाठी पितळेची धाडली, जन्मात कोनी मले पितळेचं नाई देल्लं. पार्वताबाईने विचारलं, काहून आले जी साहेब, आता कायी चुकलं का? म्हटलं, नाही, पाहणी. सगळं ठीक आहे.

परतीच्या एस.टी.त भांडं मांडीवर. पिशवीचा बंद तुटला होता.

रेणूला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, राहू द्या, माह्या आईनंही देल्ली असती. मग मोरीत गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. भांडी सकाळीच घासून झाली होती. मी बाहेर उभा राहिलो. आत जावंसं वाटलं, गेलो नाही.

१० फेब्रुवारी
कार्डं बंबात घातली. भांडं भंगारवाला नेईना, हातही लावेना.

जेवायला बसलो. काय केलंय ते विचारलं नाही. फक्त ताट पाहिलं. जर्मनचं होतं, बोलीतलं. जेवलो.